एचटी की एलटी?

एप्रिल-मेमध्ये एपीएमसीच्या फळबाजारात पेटी उघडली की घेणारा आंबा हातात घेतो, देठाशी नाक नेतो, तळचा थर उचकून पाहतो. 'शेठ, हा देवगडचा नाही' असे त्याने तोंडावर सांगितले तरी त्यात अपमान नसतो. भाव ठरायचा आहे, तोवर माल तपासायचा हक्क त्याचा. तोच माणूस दुपारी कुणाकडे जेवायला बसला आणि पानातल्या फोडीचा वास घेऊन 'हा कर्नाटकचा' म्हणाला, तर त्याला पुन्हा कोण बोलावील? जुन्या गाड्यांच्या आपल्या जगात बाजार आणि पंगत यांतला हा फरक पुसत चालला आहे, आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो.

रविवारी सकाळी जुन्या दुचाकी घेऊन निघालेली मंडळी पाम बीच रोडने येऊन वाशी-तुर्भ्याच्या बाजूला चहाला थांबतात. एखादा तरुण वडिलांची राजदूत ३५० घेऊन आलेला असतो. तो स्टँड लावतो न लावतो तोच कुणी गुडघ्यावर बसून इंजिनाकडे पाहतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलतो, "दादा, सिलिंडर एलटीचा आहे. स्पीडोमीटर पण दुसऱ्याच गाडीचा." दुसरा टाकीवरच्या पट्ट्याची रुंदी काढतो. पोराचा चेहरा उतरतो. त्याने गाडी विकायला आणलेली नसते, स्पर्धेतही उतरवलेली नसते. वडील ज्या गाडीवरून कामाला जायचे ती त्याने चालू केली, एवढेच.

अमेरिकेत १९६०च्या दशकातल्या मोठ्या इंजिनाच्या मसल कारना जे स्थान आहे, ते आपल्याकडे या राजदूतला आहे. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने ती १९८३ साली आणली. आधीची हाय टॉर्क, म्हणजे एचटी, सुमारे ३०.५ अश्वशक्तीची, पेट्रोल फार पिते म्हणून नंतर काढलेली लो टॉर्क, म्हणजे एलटी, सुमारे २७ अश्वशक्तीची. आज एचटीला जास्त पैसे मिळतात आणि भांडणाचे मूळ तिथेच आहे. पण ओरिजिनलचा आग्रह धरणाऱ्यांनी एक आठवण ठेवावी. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे खर्च वाचवायला कंपनीनेच ड्रम बसवला. एवढ्या ताकदीच्या गाडीला तो पुरत नाही. आज कुणी जिवाच्या काळजीने पुढे डिस्क लावली, तर मी त्याला दोष देणार नाही.

सुट्या भागांचेही तसेच. कंपनीने हात वर केल्यावर ही गाडी रस्त्यावर ठेवली ती गल्लीतल्या फिटरने आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्याने. मिळेल तो कार्ब्युरेटर, मिळेल तो सायलेन्सर. चाळीस वर्षे रोज चाललेल्या गाडीत दुसऱ्याचे भाग असणारच. सगळेच भाग कारखान्यातले असतील तर बहुधा ती गाडी कधी फारशी चाललीच नाही. दोन्ही गाड्यांबद्दल मला प्रेम आहे, पण पहिलीतल्या फिटरच्या डोक्याला कुणी दाद देत नाही, याचे वाईट वाटते.

मात्र पैशाचा व्यवहार सुरू झाला की माझे मत पूर्ण बदलते. एलटीच्या सिलिंडरचे पोर्ट घासायचे, इंजिनावर नवा नंबर ठोकायचा आणि एचटी म्हणून गळ्यात मारायची, ही फसवणूक आहे. तिथे 'जाऊ दे, कशाला वाईट व्हायचे' म्हणून गप्प बसणारा जाणकार विकणाऱ्याला मदतच करतो. आंब्याच्या पेटीचे असेच आहे. कर्नाटकचा आंबा चवीला वाईट नसतो, त्याच्या पेटीवर देवगड लिहिणे वाईट. कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते याच लबाडीला आळा बसावा म्हणून.

अमेरिकेतले जुने उदाहरण पाहण्यासारखे आहे. पाँटियाक जीटीओ १९६४ साली आली, पण पहिली दोन वर्षे ती स्वतंत्र मॉडेल नव्हती. ल माँ गाडीवर पैसे भरून घ्यायचा तो एक पर्याय होता. चेसिस नंबरावरून ती जीटीओ आहे की साधी ल माँ, हे कळत नाही. साहजिकच पुढे साध्या गाड्यांच्या जीटीओ झाल्या. तिथले जाणते घेणारे आता कंपनीच्या मूळ नोंदीचा कागद मागतात. नक्कल उघडपणे नक्कल म्हणून विकायला काढली तर तिलाही गिऱ्हाईक असते, भाव तेवढा कमी. 'बुलिट' या १९६८च्या सिनेमातली मस्टँग जानेवारी २०२० मध्ये लिलावात ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली, तेव्हा तिचा रंग विटलेला होता, पत्रा गंजलेला होता. किंमत मिळाली ती अस्सलपणाच्या पुराव्याला.

आपण पुरावेच टाकून देतो. जुने आरसी बुक, विम्याची पावती, गॅरेजचे बिल रद्दीत जाते आणि मग मडगार्डच्या नट-बोल्टवरून हमरीतुमरी होते. हे आता परवडणारे नाही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये नियम केला: पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसलेल्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळू शकतो. गाडी तपासायला राज्याची समिती, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. १९८३च्या राजदूत २०३३ साली पन्नाशीच्या होतील. तेव्हा 'मूळ रूप' कशाला म्हणायचे, हे समिती ठरवेल.

तोवर प्रत्येकाने गाडीची एक वही घालावी, असे मी सुचवतो. कोणता भाग कधी बदलला, कुठून आणला, कुणी बसवला. इंजिन बदलले असेल तर आरटीओत त्याची नोंद कधी झाली. जाणकारांनी ती भरायला मदत करावी. त्यांचे ज्ञान खरे आहे, वर्षानुवर्षे हात काळे करून मिळवलेले आहे. मालकाने 'काका, जरा बघता का?' म्हटले की बाजूला नेऊन सांगावे, आणि सिलिंडर चुकीचा आहे म्हणताना बरोबरचा कुठे मिळेल, तेही सांगावे. ती वही २०३३ साली समितीपुढे ठेवता येईल. गाडी त्याआधीच विकावी लागली, तर घेणाऱ्यापुढे ती पैसे मोजण्याआधी उघडावी.