मालकाच्या रकान्यात कोणाचे नाव?

आठवड्याला ९० तास काम व्हावे अशी अपेक्षा लार्सन अँड टुब्रो कंपनीच्या अध्यक्षांनी व्यक्त केली, आणि रविवारी कर्मचाऱ्यांना कामावर बोलावता येत नाही याची खंतही बोलून दाखवली. जानेवारी २०२५ मध्ये हे उघड होताच देशभर संताप उसळला. टीका झाली, थट्टा झाली, आणि नेहमीप्रमाणे काही दिवसांत सारे शांत झाले. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र जवळजवळ अस्पर्शित राहिला. हे अध्यक्ष नेमले कोणी, आणि ते उत्तरदायी कोणाला?

या प्रश्नाचे उत्तर गुप्त नाही. शेअरबाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत भागधारणेचा तक्ता जाहीर करावा लागतो. एक टक्का वा त्याहून अधिक भाग ज्यांच्याकडे असतील, त्यांची नावे त्यात द्यावी लागतात. लार्सनच्या तक्त्यात प्रवर्तकांच्या रकान्यात शून्य आहे. तेथे टाटा नाहीत, बिर्ला नाहीत, अंबानीही नाहीत. आहे ते आयुर्विमा महामंडळ, दहा टक्क्यांहून अधिक भाग बाळगणारे. आहेत म्युच्युअल फंड, परदेशी गुंतवणूकसंस्था आणि कंपनीच्याच कर्मचाऱ्यांसाठी स्थापन झालेला एक विश्वस्त निधी. ज्या कंपनीला लोक एका 'मालका'ची म्हणून शिव्या घालत होते, ती खरे पाहता विमेदारांच्या आणि बचतदारांच्या पैशावर उभी आहे. चळवळीतील कार्यकर्त्यांपैकी किती जणांनी हा तक्ता उघडून पाहिला असेल?

कंपन्या मात्र तो डोळ्यांत तेल घालून वाचतात. मोठ्या कंपन्यांत 'गुंतवणूकदार संबंध' या नावाचे स्वतंत्र खाते असते. कोणत्या संस्थेने भाग वाढवले, कोणी कमी केले, कोण नवा आला, कोणाची समजूत काढावयास हवी, हे पाहणे हा त्या खात्याचा नित्याचा उद्योग होय. जनतेला ही माहिती तीन महिन्यांनी एकदा मिळते; कंपनीला डिपॉझिटरींकडून भागधारकांची यादी आठवड्याच्या आठवड्याला मिळू शकते. संचालक मंडळाने मांडलेला ठराव पडू नये, भागाचा भाव घसरू नये आणि कोणी परका हळूहळू भाग गोळा करून दारात येऊन उभा राहू नये, यासाठी ही सारी जागरूकता असते. त्यात गैर काही नाही. परंतु या जागरूकतेतून जो संवाद जन्मास येतो तो कोणाशी होतो? मुंबईच्या, सिंगापूरच्या, लंडनच्या फंड व्यवस्थापकांशी. सामुदायिक बैठकांचे वेळापत्रक आगाऊ जाहीर करावे, तिमाही निकालानंतरच्या चर्चेचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करावे, असे नियम सेबीने केले, हे चांगलेच झाले. पण व्यवस्थापन आणि एखादी संस्था समोरासमोर बसली, तर ती बैठक या नियमातील 'बैठक' ठरत नाही! सामान्य भागधारकाच्या वाट्याला वर्षातून एक सभा येते, आणि तीत बोलण्यासाठी काही मिनिटे. ज्या विमेदाराच्या पैशाने संस्थेला ती खुर्ची मिळाली, त्याला तर तेवढेही नाही.

संस्थांच्या हातातील भाग किती मोलाचे असतात, हे लार्सनच्याच इतिहासात दिसते. १९३८ साली दोन डॅनिश अभियंत्यांनी मुंबईत उभी केलेली ही कंपनी पुढे कोणा एका घराण्याच्या हाती राहिली नाही. १९८८ मध्ये सरकारी वित्तसंस्थांनी आपल्याकडील काही भाग बँक ऑफ बडोदाच्या एका उपकंपनीला विकले. तेथून ते रिलायन्सशी संबंधित एका गुंतवणूक कंपनीकडे गेले. एप्रिल १९८९ मध्ये धीरूभाई अंबानी लार्सनच्या अध्यक्षपदी बसले. त्याच वर्षी कंपनीने ८२० कोटी रुपयांचे परिवर्तनीय कर्जरोखे विक्रीस काढले, आणि त्यातील मोठी रक्कम रिलायन्सच्याच प्रकल्पाकडे वळणार होती. डिसेंबरात दिल्लीतील सरकार बदलले. मग ज्या आयुर्विमा महामंडळाला आदल्या वर्षी काहीच खटकले नव्हते, त्याला अचानक जाग आली आणि त्याने सभा बोलावण्याची मागणी केली. एप्रिल १९९० मध्ये अंबानींनी राजीनामा दिला. भाग विकताना विमेदाराला कोणी विचारले नव्हते, आणि सभा बोलावतानाही नाही. दोन्ही वेळा निर्णय दिल्लीच्या वाऱ्याप्रमाणे झाला.

रिलायन्सजवळ उरलेले लार्सनचे भाग नोव्हेंबर २००१ मध्ये बिर्लांच्या ग्रासिमने घेतले, तेही बाजारभावाहून बऱ्याच चढ्या दराने. छोट्या भागधारकाला तो दर अर्थातच मिळाला नाही. पुढे सिमेंटचा धंदा वेगळा काढून ग्रासिमला देण्यात आला आणि ग्रासिमजवळचे लार्सनचे भाग कर्मचाऱ्यांच्या विश्वस्त निधीने घेतले. आजच्या तक्त्यात दिसणारे त्या निधीचे नाव अशा रीतीने आलेले आहे. मात्र त्यावरचे मत देतात ते विश्वस्त. पवईच्या कारखान्यातील कामगाराच्या हाती मतपत्रिका येत नाही.

कायदा काय म्हणतो, हे एस्कॉर्ट्सच्या खटल्यात स्पष्ट झाले. लंडनस्थित उद्योगपती स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्स व डीसीएम या कंपन्यांचे भाग घेण्यास सुरुवात केली, तेव्हा त्या कंपन्यांच्या चालकांनी ते भाग आपल्या दप्तरी नोंदवण्यास नकार दिला. एस्कॉर्ट्सचे निम्म्याहून अधिक भाग त्या वेळी सरकारी वित्तसंस्थांकडे होते, आणि कंपनी चालवणाऱ्या नंदा कुटुंबाकडे त्यांच्या मानाने अगदी थोडे. महामंडळाने काही संचालकांना दूर करण्यासाठी सभेची मागणी केली. मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. परंतु डिसेंबर १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. सभा बोलावण्याचा हक्क प्रत्येक भागधारकाला आहे, सरकारी संस्था भागधारक झाली म्हणून तो उणावत नाही आणि त्यासाठी कारणे देण्याचे बंधन तिच्यावर नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

थोड्या भागांच्या बळावर कंपन्या वडिलोपार्जित जहागिरीसारख्या वापरणाऱ्यांना हा निकाल चपराक होता, यात शंका नाही. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कारण न देण्याचा हक्क कंपनीच्या संदर्भात योग्य असेल. ज्यांचा पैसा आहे त्यांना कारण न देणे मात्र विश्वस्ताला शोभत नाही. १९५७ साली, महामंडळ स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते, तोच त्याने हरिदास मुंध्रांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. फिरोज गांधींनी तो प्रश्न लोकसभेत उपस्थित केला, न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना १९५८ मध्ये पद सोडावे लागले. एक खासदार जागा होता म्हणून हे बाहेर आले.

जानेवारी २०२३ मध्ये हिंडेनबर्ग या अमेरिकन संस्थेने अदानी समूहावर आरोप केले. समूहाने ते फेटाळले. तेव्हाही लोकांनी ओरड केल्यावर महामंडळाने निवेदन काढले, की समूहातील भाग व रोखे मिळून आपली गुंतवणूक ३५,९१७ कोटी रुपयांची आहे. वास्तविक एक टक्क्यावरची भागधारणा त्या कंपन्यांच्या तक्त्यांतून दर तिमाहीला छापली जातच होती. बेरीज करणारा कोणी नव्हता, एवढेच. याच प्रकरणात तक्त्याची मर्यादाही कळून आली. परदेशी फंडाचे नाव तेथे असते, पण त्या नावामागचा माणूस दिसत नाही. एकाच समूहात निम्म्याहून अधिक रक्कम गुंतवणाऱ्या फंडांनी अखेरच्या धन्यापर्यंतची माहिती द्यावी, असा नियम सेबीने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. ती माहितीही सेबीकडे जाते. जनतेच्या तक्त्यात येत नाही.

कामगाराचा संबंध याहूनही जवळचा आहे. ऑगस्ट २०१५ पासून भविष्यनिर्वाह निधीचा काही हिस्सा निर्देशांकाधारित फंडांमार्फत शेअरबाजारात जातो. लार्सन ही निर्देशांकातील कंपनी. तिच्या एखाद्या पुलाच्या कामावर कंत्राटदाराकडे राबणाऱ्या मजुराचा निधी जर नियमाने भरला जात असेल, तर त्या पैशाचा काही अंश फिरून लार्सनच्याच भागात येतो. त्या भागावरचे मत देतो फंडाचा व्यवस्थापक. अध्यक्षांची पुनर्नियुक्ती असो की त्यांचे वेतन, मजुराच्या पैशावरचे मत मजुराच्या नकळत पडते.

ते मत कसे पडले हे शोधण्याची सोय मात्र आता आहे. म्युच्युअल फंडांनी आपले मतदान जाहीर करावे, असे सेबीने २०१० मध्ये ठरवले. पुढे कारणे देणेही आवश्यक झाले. विमा नियामकाने २०१७ मध्ये विमा कंपन्यांनाही असेच बंधन घातले. हे कागद रुक्ष असतात, आणि कारणाच्या रकान्यात बहुधा एकच साचेबंद वाक्य ठरावामागून ठराव उतरवलेले आढळते. तरीही कोणत्याही कामगार संघटनेने आपल्या कंपनीच्या मोठ्या भागधारकांची नावे तक्त्यातून काढावी, वेतन व नेमणुकीच्या ठरावांवर त्यांनी कसे मत दिले ते पाहावे आणि महामंडळाला व भविष्यनिर्वाह निधीच्या विश्वस्तांना लेखी विचारणा करावी. त्या विश्वस्त मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसतात. प्रश्न आधी त्यांना गेला पाहिजे. संघटनेच्या एखाद्या सभासदाने कंपनीचा एक भाग विकत घेतला, तर वार्षिक सभेची सूचना त्याच्या हाती येते आणि नाव नोंदवून तेथे प्रश्नही विचारता येतो.