जुने रेल्वेपूल : डागडुजी की नवी उभारणी?

जुना रेल्वेपूल दुरुस्त करून वापरावा की मोडीत काढून नवा बांधावा, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा पुलाच्या वयापाशीच थांबते. परंतु वय हा फसवा निकष आहे. प्रयागराजचा यमुनेवरील नैनी पूल १८६५ सालचा. तो आजही गाड्यांचा भार वाहत आहे. रामेश्वरम् बेटाला जोडणारा पांबनचा पूल १९१४ सालचा. तो मात्र डिसेंबर २०२२ मध्ये बंद करावा लागला.

पांबनचा इतिहास उद्बोधक आहे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात त्याच्या बहुतेक तुळया समुद्रात वाहून गेल्या. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली अवघ्या ४६ दिवसांत तो पुन्हा उभा राहिला. त्या वेळी डागडुजी हाच शहाणपणा होता. कारण खांब शाबूत होते आणि मीटरगेज गाड्यांचा भार बेताचा होता. पुढे २००७ मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाला, भार वाढला, आणि खाऱ्या वाऱ्याने लोखंड कुरतडण्याचे काम अखंड चालूच होते. नव्या पुलाचा निर्णय झाला खरा, पण तो पुरा होण्यापूर्वीच जुना थकला. परिणामी दोन वर्षांहून अधिक काळ यात्रेकरूंना मंडपम् येथेच गाडी सोडावी लागली. नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी खुला झाला.

मात्र नवे म्हणजे निर्धोक, असेही नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी या नव्या पुलाच्या नियोजनातील उणिवांवर आणि त्याला लागू पाहणाऱ्या गंजावर बोट ठेवले होते.

तेव्हा निर्णयाची कसोटी निराळी हवी. तुळया एकेक करून बदलता येतात; पाये खचले असतील तर वरची मलमपट्टी व्यर्थ होय. सांधे किती शिणले, वाढता भार किती काळ पेलेल, आणि काम चालू असता वाहतूक कोठून जाईल, हे आधी तपासले पाहिजे. केवळ वेगमर्यादेची पाटी लावणे म्हणजे निर्णय लांबणीवर टाकणे होय.

ही तपासणी कागदी असून चालणार नाही. मुंबईत १४ मार्च २०१९ रोजी कोसळलेल्या हिमालय पादचारी पुलाला आदल्याच वर्षीच्या तपासणीत किरकोळ दुरुस्ती पुरेशी ठरविण्यात आली होती. त्याची किंमत निरपराध पादचाऱ्यांनी प्राणांनी मोजली. म्हणून प्रत्येक जुन्या पुलाचा अहवाल, त्यावरील निर्णय आणि त्याची मुदत जनतेपुढे ठेवली जावी. रोज त्या पुलावरून जाणाऱ्यांचा तो हक्कच आहे.