घुबडाचं नाणं खरं की खोटं?

आपल्याकडे घुबड दिसलं की लोक तोंड फिरवतात. पण ग्रीसमधल्या अथेन्स शहरात त्याचा केवढा थाट! शहराची देवता अथेना, तिचा हा लाडका पक्षी. म्हणून अडीच हजार वर्षांपूर्वी तिथल्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला अथेनेचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला टपोऱ्या डोळ्यांचं घुबड असे. तेव्हा ग्रीसमध्ये शहर म्हणजेच एक राज्य. त्यामुळे एजायनाच्या नाण्यावर कासव, तर कॉरिंथच्या नाण्यावर पंखवाला घोडा!

अथेन्सचं मोठं नाणं चार द्राख्मांचं, वजन सुमारे १७ ग्रॅम. चांदी जवळच्याच लॉरियनच्या खाणींतली. तिथल्या अरुंद भुयारांत गुलाम राबायचे. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तिथे भरपूर चांदी लागली. ती वाटून न घेता, थेमिस्टोक्लीसचं ऐकून अथेन्सनं लढाऊ जहाजं बांधली आणि इ.स.पू. ४८० मध्ये सलामिसच्या लढाईत इराणी आरमाराला धूळ चारली.

आता नाणं इतकं नावाजलेलं म्हटल्यावर नकला करणारे आलेच! आत तांबं, वर चांदीचा पातळ पत्रा आणि त्यावर घुबडाचा ठसा. झालं नाणं! मग लोक काय करत? सरळ छिन्नीनं खाच पाडून आत बघत. अशी घाव सोसलेली घुबडं आजही संग्रहालयांत आहेत.

इ.स.पू. ३७५ च्या सुमारास अथेन्सनं कायदाच केला. बाजारात सराफांच्या मेजांजवळ सरकारी पारखी बसणार. आत तांबं किंवा शिसं निघालं, की त्यानं नाणं तिथल्या तिथे कापायचं. आणि त्यानं खरं ठरवलेलं नाणं एखाद्या दुकानदारानं नाकारलं तर? त्याचा त्या दिवसाचा सगळा माल जप्त!

एवढा अधिकार असलेला हा पारखी कोण होता, ठाऊक आहे? शहराच्या मालकीचा गुलाम! भल्याभल्या व्यापाऱ्यांना त्याचा शब्द मानावा लागे. पण तो जागेवर बसला नाही किंवा नीट पारख केली नाही, तर त्याला पन्नास फटके.

हा कायदा कोरलेला दगड १९७० मध्ये अथेन्सच्या जुन्या बाजाराच्या उत्खननात सापडला. पिराईअस बंदरावरही एक पारखी हवा होता. त्याबद्दल कायदा म्हणतो, सरकारी गुलामांतला एक नेमा, नाहीतर विकत घ्या. आणि त्याची किंमत? ती बहुधा घुबडांतच मोजली असणार.