जिवंत कोण?

‘शॉर्ट सर्किट’ (१९८६) हा आमच्या लहानपणीचा लाडका सिनेमा. परवा पुन्हा पाहिला. लढाईसाठी बनवलेला यंत्रमानव, नंबर पाच. वीज कोसळते आणि स्वारी जिवंत होते! एका विनोदावर तो खदखदून हसतो, तेव्हा कुठे शास्त्रज्ञाला ते पटतं. पठ्ठ्या अजूनही गोड वाटतो.

पण त्यातला भारतीय इंजिनिअर बेन? तो केला फिशर स्टीव्हन्स या गोऱ्या नटानं, तोंडाला रंग फासून. ‘काळच तसा होता’ म्हणे! अहो, १९८२ च्या ‘गांधी’त रोशन सेठ नेहरू झाले होते; भारतीय नट औषधालाही नव्हता असं नाही. पत्र्याला माणूसपण दिलंत आणि माणसाचं मात्र सोंग केलंत? हसणं ही जिवंतपणाची खूण असेल, तर या सोंगाला न हसणं हीसुद्धा आहे!