एक मंत्र, दोन टार्गेट: पत्त्यांचा गेम आणि गेमिंगचा नवा कायदा

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा आणि २२ ला राष्ट्रपतींची सही. पाठोपाठ मोठ्या ॲप्सनी पैशांचे डाव बंद केले. तेव्हापासून माढ्यात पोरं मला एकच विचारतात, "दादा, पत्ते बंद झाले म्हणजे 'मॅजिक ॲरेना' पण गेलं का?"

सरसकट 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागत नाही. खरं उत्तर त्याच गेमच्या एका नियमातून पटकन कळतं.

मंत्र लागू कसा होतो?

'इलेक्ट्रोलाइझ' हे कार्ड घ्या. ते दोन डॅमेज एका किंवा दोन टार्गेटमध्ये वाटतं, वर एक कार्ड ओढायला देतं. समजा तुम्ही दोन क्रीचरना एकेक डॅमेज नेमलं आणि मंत्र लागू होण्याआधीच समोरच्याने त्यातला एक परत हातात घेतला. मग गेम असं बघतो:

- मंत्र लागू होताना प्रत्येक टार्गेट पुन्हा तपासलं जातं.
- एक जरी वैध उरलं, तर मंत्र चालतो. उरलेल्याला ठरलेलं एकच डॅमेज बसतं, गेलेल्याचं त्याच्याकडे वळत नाही. कार्ड मात्र मिळतं.
- दोन्ही अवैध झाली, तर मंत्र फुकट. डॅमेज नाही, कार्डही नाही.

थोडक्यात, तपासणी सगळ्यांची मिळून नाही, एकेकाची.

कायद्याची टार्गेट कोण?

- पैशांचा गेम चालवणारा: ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- त्याची जाहिरात करणारा: २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- त्याचे पैसे फिरवून देणारा: पहिल्याइतकीच शिक्षा.

नुसता खेळणारा या यादीत नाही.

आता 'पैशांचा गेम' म्हणजे काय? फी भरून किंवा पैसे लावून, बदल्यात पैसे वा तसंच काही जिंकण्याच्या आशेने खेळलेला गेम. कौशल्य की नशीब, याने फरक पडत नाही. पैसे देऊन घेतलेली कॉइन्स आणि टोकनही 'लावलेलं' धरली जातात.

म्हणून ॲप नाही, मोड तपासा. मित्रासोबतचा साधा सामना? काही लावलेलंच नाही, त्यामुळे तो या व्याख्येत बसत नाही. जेम्स भरून आत जायचं आणि बक्षिसात जेम्स किंवा रोख मिळवायची, अशी स्पर्धा मात्र व्याख्येच्या अगदी समोर उभी राहते. ई-स्पोर्टला सूट आहे, पण ती मान्यता आणि नोंदणी असलेल्यालाच.

कोर्टात काय पणाला लागलंय?

कायद्याविरुद्धच्या याचिका सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये हायकोर्टांकडून स्वतःकडे घेतल्या. इथे १९५७ चा चमारबागवाला खटला आठवतो. बक्षीस स्पर्धांच्या त्या प्रकरणात कोर्टाने कौशल्याच्या स्पर्धा जुगारापासून वेगळ्या धरल्या. शिवाय कायद्याचा एखादा भाग टिकला नाही आणि तो वेगळा काढता येत असेल, तर बाकीचा चालू राहतो, हेही सांगितलं. म्हणजे आपल्या मंत्रासारखंच: एक टार्गेट गेलं म्हणून सगळं फुकट जात नाही. नवा कायदा मात्र कौशल्य आणि नशीब यातली जुनी रेषाच पुसतो. खरी लढाई तिथे आहे.

तुम्ही काय करायचं?

माझ्या मते खरा धोका कायद्यापेक्षा पळवाटेत आहे. 'रमी परत चालू' म्हणत व्हॉट्सॲपवर फिरणारी एपीके फाइल टाकून घेऊ नका. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला समोर कोणी नसतं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आणि कुठल्याही मोडमध्ये शिरण्याआधी दोनच गोष्टी बघा: आत जाताना काय द्यायचंय आणि जिंकल्यावर काय मिळणार आहे.