शिष्यवृत्ती निधी आणि रिकाम्या खुर्च्या



यंदा मध्य ओहायोतल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाची पंगत दोनदा वाढवावी लागली आणि गाड्या लावायला शेजारच्या चर्चचे आवार मागून घ्यावे लागले. त्यानंतर पंधरवड्याने झालेली वार्षिक सर्वसाधारण सभा मात्र गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब करावी लागली. शिष्यवृत्ती निधीचा ठराव याच सभेत मंजूर झाला. पुढे महिनाभर व्हॉट्सअ‍ॅपवर त्यावर जी चर्चा रंगली, ती सभेत रंगली असती तर कार्यकारिणीला आनंदच वाटला असता. असो.

वास्तुनिधीला हात लावलेला नाही, हे सर्वांत आधी सांगतो, कारण पहिला फोन त्याबद्दलच आला. नाट्यमहोत्सवाची शिल्लक आणि काही सभासदांच्या देणग्या मिळून जमलेले 25 हजार डॉलर आपल्या भागातल्या कम्युनिटी फाउंडेशनकडे कायमनिधी म्हणून ठेवले आहेत. मुद्दल तिथेच राहील. दरवर्षी साधारण 4 टक्के, म्हणजे हजार डॉलर, शिष्यवृत्तीसाठी मिळतील. हजार डॉलरसाठी एवढा खटाटोप कशाला, असे विचारणाऱ्यांचे आम्हाला अर्धे पटते. रक्कम लहानच आहे. पण शेकडो लहानमोठे निधी तिथे एकत्र गुंतवले जातात आणि हिशेबतपासणी, करखात्याची विवरणपत्रे, अर्जांची छाननी हे सगळे त्यांचा पगारी कर्मचारीवर्ग करतो. त्याची वार्षिक फी द्यावी लागते. आपल्याकडे कार्यकारिणी दर दोन वर्षांनी बदलते आणि तिच्याबरोबर खजिनदाराचा लॅपटॉपही. मंडळाने पूर्वी स्वतः बक्षिसे वाटली तेव्हा कोणाच्या मुलांना ती मिळाली यावरून काय झाले, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. त्या खोलात जात नाही.

खरा वाद दोन मुद्द्यांवर आहे. पहिला मुद्दा निवड समितीचा. ही समिती फाउंडेशन नेमणार. आपले दोन प्रतिनिधी तीत बसतील, पण बहुमत आपले नसेल. 'पैसे आमचे, निवड त्यांची' हा आक्षेप ज्येष्ठांनी कळकळीने मांडला, त्याचा आदर आहे. मात्र 2006 सालच्या पेन्शन प्रोटेक्शन कायद्यापासून अशा निधीतल्या शिष्यवृत्त्यांबाबतची दिशाच ही आहे: देणगीदाराने सल्ला द्यावा, निवडीचा ताबा ठेवू नये. करवजावट घ्यायची आणि कोणाला द्यायचे तेही आपणच ठरवायचे, हे चालत नाही. इथे कार्यकारिणीची मनमानी शोधणाऱ्यांनी करार वाचावा. ग्रंथालयाच्या टेबलावर प्रत ठेवली होती. अजून कोणी मागितलेली नाही.

याच करारात आणखी एक कलम आहे. मूळ हेतू कालबाह्य झाला तर विश्वस्तांना निधी त्याच्या जवळच्या हेतूकडे वळवता येतो. यावरून 'उद्या आपले पैसे दुसरीकडे जातील' अशी भीती पसरली. पण हे कलम का असते, ते पाहा. कम्युनिटी फाउंडेशन ही कल्पना मुळात आपल्या ओहायोतली. 1914 साली क्लीव्हलंडमध्ये फ्रेडरिक गॉफ या बँकरने पहिले फाउंडेशन सुरू केले, ते याच अडचणीवर उपाय म्हणून. माणसे मृत्युपत्रात एखाद्या कामाला पैसा कायमचा बांधून जातात आणि पुढे ते कामच उरत नाही. उदाहरणार्थ, सेंट लुईसचे माजी महापौर ब्रायन मलॅन्फी 1851 साली वारले. शहरातून पश्चिमेकडे वसाहतीला निघालेल्या स्थलांतरितांच्या मदतीसाठी त्यांनी संपत्तीचा तिसरा हिस्सा ठेवला होता. काही दशकांत रेल्वे सगळीकडे पोचली, गाड्यांचे तांडे थांबले. निधी उरला, वाटसरू उरले नाहीत. पन्नास वर्षांनी मध्य ओहायोत मराठी घरे किती असतील, त्यांतली मुले कोणती भाषा बोलत असतील, हे आज लिहून ठेवण्याइतका आत्मविश्वास आमच्यात नाही. तुमच्यात असल्यास पुढच्या सभेला यावे.

दुसरा मुद्दा जास्त हळवा आहे. शिष्यवृत्ती फक्त मराठी मुलांसाठी का नाही? वंशावरून अर्जदार निवडणारा निधी स्वीकारायला फाउंडेशन तयार नव्हते. बऱ्याच घासाघिशीनंतर अट ठरली ती अशी: घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणारा, आपल्या भागातला बारावीचा विद्यार्थी. म्हणजे आपली मुले आली, तशीच कोलंबसमधल्या भूतानी-नेपाळी आणि सोमाली कुटुंबांतलीही आली. काहींना हे रुचलेले नाही. त्यांचा रोख आम्हाला कळतो, पण पटत नाही. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी ज्या शाळेचे सभागृह आपण सवलतीत घेतो, तिथेच ही मुले शिकतात.

अटींत एक गोष्ट आम्ही मुद्दाम लिहून घेतली, तिच्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. अर्जदाराला नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागणार नाही. आईवडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-4 व्हिसावरच्या मुलांना केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही, आणि कितीतरी खासगी शिष्यवृत्त्यांचे अर्जही पहिल्याच प्रश्नावर बंद होतात. अशी मुले आपल्याच घरांत आहेत. लहानपणी इथे आली, ग्रीनकार्डची रांग सरकत नाही आणि 21 वर्षे पूर्ण झाली की एच-4 ही संपतो. या आईवडिलांपैकी एकानेही व्हॉट्सअ‍ॅपवर तोंड उघडले नाही.

पैसा गावाकडे जावा, असे म्हणणाऱ्यांना आमचा विरोध नाही. महाराष्ट्र फाउंडेशन ते काम वर्षानुवर्षे करत आले आहे. त्यांना जरूर द्या. शक्य असल्यास दोन्हीकडे द्या.

आता कामाचे. कार्यकारिणी आणि निवड समितीतल्यांच्या मुलांना अर्ज करता येणार नाही, पण 51 डॉलर देणाऱ्या साध्या सभासदाच्या मुलांना येईल. तशी लेखी खात्री फाउंडेशनकडून घेतली आहे, त्यामुळे देणगीचे चेक परत मागू नयेत. कंपनी देणगीत तेवढीच भर घालत असेल तर तिचा अर्जही भरा. निवड समितीवरच्या दोन जागांसाठी अजून एकच नाव आले आहे. मार्चमध्ये दोन शनिवार अर्ज वाचायला लागतील, निबंध इंग्रजीत असतात, चहा मंडळाचा. इच्छुकांनी दिवाळीच्या कार्यक्रमाआधी चिटणिसांना कळवावे. आणि त्या कार्यक्रमाची तिकिटे दारावर मिळणार नाहीत, हे तिसऱ्यांदा छापत आहोत.

— संपादक मंडळ