पट्टायाची स्कीम आणि दुकानाची कीर्द

पातूरच्या बाजारपेठेत पट्टाया हे नाव बहुधा कंपनीच्या स्कीमपत्रकावरून येते. खते-बियाणे असोत, सिमेंट असो वा रंग, उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्या विक्रेत्यास ‘दोन व्यक्तींसाठी थायलंड, तीन रात्री, चार दिवस’ असे आमिष ठरलेले असते. निळ्या समुद्राचे ते चित्र गल्ल्यामागे चिकटवले जाते, मुले ते रोज पाहतात आणि दिवाळीपर्यंत घरात प्रवासाचा बेत पक्का होतो. सहल फुकट आहे, या समजुतीवर तो उभा असतो.

समजा, कंपनीने दोघांच्या सहलीची किंमत 1,20,000 रुपये धरली आहे आणि उद्दिष्टाला 10 लाखांचा माल कमी पडतो आहे. दुकानदार तो माल कॅश क्रेडिट खात्यातून उचलतो. पाऊस लांबला आणि माल तीन महिने गोदामात पडून राहिला, तर द.सा.द.शे. 10 दराने 25,000 रुपये व्याज चढले. माल कीटकनाशकाचा असेल तर त्यावर मुदत छापलेली असते. ती उलटली की नुकसान व्याजापुरते राहत नाही. खरिपाच्या तोंडावर, उधारी थकलेली असताना, केवळ स्कीमसाठी माल भरण्यासारखे दुसरे धाडस नाही.

यानंतर प्राप्तिकर येतो. 1 जुलै 2022 पासून प्राप्तिकर कायद्यात 194-आर हे कलम लागू झाले. व्यवसायाच्या निमित्ताने मिळालेल्या लाभाचे मूल्य वर्षात 20,000 रुपयांहून अधिक झाले, तर देणाऱ्याने त्यावर 10 टक्के कर कापून भरावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे वरील सहलीवर 12,000 रुपये. अनेकांना वाटते की विषय येथे संपला. तो संपत नाही, कारण लाभाची पूर्ण रक्कम व्यवसायाच्या उत्पन्नात धरावी लागते. भागीदारी पेढीला 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर धरता 37,440 रुपये होतात. कापलेले 12,000 वजा जाता 25,440 रुपये पेढीने भरायचे. व्याज आणि एकूण कर मिळून 62,440 रुपये, म्हणजे सहलीच्या निम्म्याहून अधिक किंमत. ‘कंपनीने बैठक ठेवली होती’ हे उत्तर सर्वस्वी चालत नाही. जून 2022 च्या परिपत्रकानुसार विक्रेत्यांच्या परिषदेचा खर्च काही अटींवर लाभ मानला जात नाही. परंतु त्यातील मौजेचा भाग आणि सोबत नेलेल्या कुटुंबीयांचा खर्च हा लाभच ठरतो.

सहल पेढीची असते आणि प्रवासी दोघेच असतात, तेव्हा अधिक नाजूक प्रश्न निर्माण होतो. दोन भाऊ, दोन जावा, वृद्ध मातोश्री आणि मुले अशा घरात जायचे कोणी? रीतीप्रमाणे थोरल्याला मान मिळतो. धाकटा काही बोलत नाही, पण उद्दिष्टासाठी गावोगाव फिरलेला बहुधा तोच असतो. कर मात्र दोघांच्या पेढीने भरलेला असतो. याला जुनी, स्वच्छ व्यापारी वाट आहे. जो जाईल त्याच्या खाती सहलीची रक्कम नावे लिहावी. पुढील वर्षी दुसरा गेला की तशीच नोंद त्याच्या खाती व्हावी. भावाभावांत अशी नोंद करणे काहींना कोतेपणाचे वाटते. परंतु पेढ्यांच्या वाटण्या होतात तेव्हा न लिहिलेल्या गोष्टीच प्रथम निघतात.

सर्वांनीच जायचे ठरले, तर उरलेल्यांचे पॅकेज स्वतः घ्यावे लागते आणि त्यावर विक्रेता टीसीएस वसूल करतो. हा दर अर्थसंकल्पागणिक हलत आला आहे. ऑक्टोबर 2023 पासून 7 लाखांपर्यंत 5 टक्के व त्यापुढे 20 टक्के होता. एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 10 लाख झाली. म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. ही रक्कम बुडत नाही, ज्याच्या पॅन क्रमांकावर कापली त्याच्या करात वळती होते. विवरणपत्र न भरणाऱ्या गृहिणीच्या नावे पॅकेज घेतले, तर परताव्यासाठी तिला विवरणपत्र भरावे लागते. पैसे पेढीच्या चालू खात्यातून देऊन प्रवासखर्च म्हणून लिहिणे हा तर सरळ दोष आहे. परकीय चलन 50,000 रुपयांहून अधिक घ्यायचे असल्यास त्याचे पैसे रोखीने देता येत नाहीत, आणि एका प्रवासात चलनी नोटा 3,000 डॉलरपर्यंतच मिळतात.

महिन्याच्या बाबतीत योग जुळून येतो. पट्टायात मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तो सर्वांत जोरदार असतो. चातुर्मास, पर्युषण आणि तेथील पाऊस असे एकाच काळात येतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर तेथे हवा कोरडी होते. पण इकडे तेव्हा रब्बीची विक्री आणि कापूस-सोयाबीनच्या पैशांची वसुली चालू असते. नाताळात दर चढतात. त्यामुळे वऱ्हाडातील दुकानदाराला जानेवारीचा उत्तरार्ध सोयीचा. कंपनी जुलैची तारीख देत असेल तर ती बदलून मागावी. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक शिल्लक आहे ना, हेही तेव्हाच पाहावे. व्हिसामाफीचे नियम बदलत असतात, ते तिकिटापूर्वी तपासावेत. मे 2025 पासून आगमनाचे डिजिटल कार्ड आधीच्या तीन दिवसांत भरावे लागते. ते विनामूल्य आहे; त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे.

राहिला आहार. थायलंडचे घड्याळ दीड तास पुढे आहे आणि जानेवारीत सूर्यास्त तेथील सव्वासहाच्या आत होतो, म्हणजे पातूरचे पावणेपाचही वाजलेले नसतात. कंपनीचे सामूहिक भोजन रात्री आठला असते. चौविहार पाळणाऱ्या मातोश्रींसाठी पाचचे जेवण आधीच लेखी मागावे. तोंडी सांगितलेले बसमध्येच विसरले जाते. हॉटेल वॉकिंग स्ट्रीटजवळचे नको. तेथील रात्रीचा बाजार कुटुंबाने पाहण्याजोगा नाही. जोमटिएन किंवा नाक्लुआची बाजू शांत आहे. हत्तीची सवारी आणि मगरींचे खेळ कार्यक्रमातून काढून घ्यावेत आणि त्याऐवजी बोटीने को लान बेट किंवा 1981 पासून लाकडात घडत असलेले ‘सत्याचे मंदिर’ पाहावे.

बाहेर खाताना ‘शाकाहारी’ या शब्दावर विसंबू नये, कारण भाजीतही माशांचा रस सर्रास पडतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत लिहिलेले ‘जे’ अन्न मात्र ओळखून ठेवावे. चिनी बौद्ध परंपरेच्या त्या अन्नात मांस, अंडी, दूध तर नसतेच, कांदा आणि लसूणही वर्ज्य असतो. बटाटा, गाजर, मुळा मात्र त्यात चालतो, तेवढे पानात येण्यापूर्वी विचारून घ्यावे लागते.